बल्ब नीट बांधलाय का?

एसी किंवा कोल्ड रूमचं कूलिंग होत नाही म्हटलं की पहिला संशय एक्स्पान्शन व्हॉल्व्हवर, म्हणजे गार करणाऱ्या कॉइलमध्ये किती लिक्विड गॅस सोडायचा ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हवर. तो कापून काढतात, नवा बसवतात, तरी तक्रार जागच्या जागी. कारण व्हॉल्व्ह पुष्कळदा चांगलाच असतो. घोळ असतो त्याच्या बल्बमध्ये, म्हणजे तापमान ओळखणाऱ्या त्याच्या बंद नळकांडीत.

इव्हॅपोरेटरमधून, म्हणजे गार करणाऱ्या कॉइलमधून, बाहेर पडून कॉम्प्रेसरकडे जाणारी ही सक्शन लाइन. तिला टेकून हा बोटाएवढा तांब्याचा बल्ब. पाइप तापला की बल्बमधला दाब वाढतो, बारीक नळीतून (कॅपिलरी) व्हॉल्व्हमधल्या पातळ पडद्यावर (डायफ्रॅम) येतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. स्प्रिंग आणि इव्हॅपोरेटरचा दाब त्याला उलट रेटतात. म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडायचा, हे बल्बला काय जाणवतं त्यावर ठरतं.

आता हा बल्ब बघा. पट्टा ढिला, खाली जुना रंग, वर इन्सुलेशन नाही. पाइप गार आहे, पण बल्बला लागतेय बाहेरची गरम हवा. व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त उघडतो आणि लिक्विड थेट कॉम्प्रेसरकडे निघतं. मग कॉम्प्रेसर गेला की दोष पुन्हा व्हॉल्व्हलाच!

पाइप पॉलिश पेपरने चकचकीत घासा. बल्ब आडव्या, सरळ भागावर पूर्ण लांबीने टेकवा, धातूच्या पट्ट्यांनी आवळा, वरून इन्सुलेशन गुंडाळा. जॉइंटवर किंवा ट्रॅपमध्ये (पाइपच्या खोलगट वळणात) नको. बारीक पाइपवर तो वरच्या अंगाला चालतो. 22 मिलिमीटर किंवा त्याहून जाड पाइपवर घड्याळातल्या 4 किंवा 8 च्या जागी बांधतात. तळाशी मात्र कधीच नाही. तिथून तेल वाहतं आणि बल्बला खरं तापमान कळतच नाही.

मोठ्या कॉइलमध्ये आत शिरताना आणि बाहेर पडताना दाबात बराच फरक पडतो, म्हणून एक्स्टर्नल इक्वलायझर, म्हणजे बाहेर पडतानाचा दाब व्हॉल्व्हपर्यंत आणणारी सोय. त्याची नळी बल्बच्या पुढे, कॉम्प्रेसरच्या बाजूला, पाइपच्या माथ्यावर जोडायची. व्हॉल्व्हमधून थोडं लिक्विड या नळीत झिरपलंच, तर बल्ब उगाच गार पडत नाही. ही नळी टोपी लावून बंद करणारेही भेटतात. तसं केल्यावर व्हॉल्व्ह बरोबर चालेल ही आशा सोडा.

ब्रेझिंग करताना (ज्योतीने सांधा जोडताना) व्हॉल्व्हला ओलं फडकं, ज्योत व्हॉल्व्हपासून दूर, आतून हलका नायट्रोजन. नायट्रोजन नसेल तर पाइपच्या आत काजळीसारखी काळी खपली (ऑक्साइड) धरते आणि व्हॉल्व्हच्या जाळीत जाऊन बसते. बल्ब पाइप गार झाल्यावरच बांधायचा.

सुपरहीटला, म्हणजे गॅस उकळून झाल्यावर तो आणखी किती अंश तापला त्या फरकाला, हात सगळ्यात शेवटी. आधी साइट ग्लासमध्ये (लिक्विडच्या पाइपवरच्या काचेत) बुडबुडे नाहीत ना ते बघा. गॅस कमी असताना व्हॉल्व्हचा सुपरहीट जुळवायचा स्क्रू फिरवण्यात अर्थ नाही. बल्बजवळचं पाइपचं तापमान घ्या, त्यातून सक्शनच्या दाबाला जुळणारं बाष्पीभवनाचं तापमान वजा करा. साधारण 5 ते 8 अंश सेल्सिअस फरक आला, तर स्क्रू आहे तिथेच राहू द्या. बदलायचाच असेल तर पाव फेरा फिरवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. मग स्क्रूवरची टोपी घट्ट बसवून साबणाच्या पाण्याने गळती तपासा.