लग्नसराईत टिकलं तर खरं

(मोबाइलचा स्क्रीन. अंगठ्याखाली एकामागून एक स्टेटस सरकतायत.)

संकष्टी चतुर्थीच्या हार्दिक शुभेच्छा. खाली ब्युटी पार्लरचा लोगो आणि नंबर. पुढचं स्टेटस पुन्हा संकष्टीचं, या वेळी पेस्ट कंट्रोलवाल्यांकडून. मग केटरर, मग आरओ फिल्टरवाले, मग इस्टेट एजंट. गणपती तोच, मागची कमळंही तीच, कारण शुभेच्छा तयार करून देणारं ॲप सगळ्यांकडे बहुतेक एकच. या पेस्ट कंट्रोलवाल्यांनी वर्षभरात एक एकादशी सोडली नाही, एक जयंती सोडली नाही. झुरळांबद्दल मात्र अवाक्षर नाही.

फ्लेक्सवरचा ‘शुभेच्छुक’ फोनमध्ये शिरला, दुसरं काय! चौकातला फ्लेक्स निदान आठ दिवस टिकायचा. स्टेटस २४ तासांत पुसलं जातं. म्हणजे उद्या पुन्हा काहीतरी टाकणं आलं, आणि सुचलं नाही की कॅलेंडरचं पान उलटून उद्या काय आहे ते बघायचं. छोट्या दुकानाने सोशल मीडियावर काय आणि किती टाकावं, म्हणजे ते लग्नसराईतही टिकेल, हा खरा प्रश्न.

(सांगली. मारुती रोडच्या मागची गल्ली. शिलाई मशिनचा आवाज.)

दहा बाय बाराचा गाळा. दोन शिलाई मशिन, एक पिकोचं, भिंतीला लागून पिशव्यांची चळत. प्रत्येक पिशवीला मापाची चिठ्ठी टाचलेली. हे लेडीज टेलरचं दुकान, आणि अशा दुकानाचं इन्स्टाग्राम पेज आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेलं आहे. पेज सुरू होतं आषाढात. पहिला महिना रोज एक पोस्ट, उत्साहात कधी दोन. श्रावणात आठवड्याला तीन. गौरीच्या तोंडावर शेवटची. त्यानंतर थेट पुढच्या आषाढात एकच ओळ: नवीन डिझाइन्स लवकरच.

ताईंना आळशी म्हणून बघा, दुकानात टिकणार नाही तुम्ही. गोष्ट साधी आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्नं थांबतात आणि हात रिकामे होतात. त्या रिकाम्या दुपारी भाची सांगते, ‘मामी, रोज टाकायला पाहिजे गं, नाहीतर रीच पडतो.’ रीच म्हणजे पोस्ट किती जणांना दिसते तो आकडा. मामी रोज टाकतात. मग गौरींच्या साड्या येतात, नवरात्राचे नऊ रंग येतात, दिवाळी येते, आणि तुळशीचं लग्न लागलं की खरी लग्नसराई. रात्री अकरापर्यंत मशिन चालू. ज्या दिवसांत दाखवण्यासारखं काम सगळ्यात जास्त, त्याच दिवसांत फोनकडे बघायला फुरसत नाही.

एसी दुरुस्तीवाल्यांचं पंचांग वेगळं, पण अडचण हीच. त्यांचा फोन मार्च ते मे ठणाणा करत असतो. पेज सुरू करायची हुक्की येते जुलैत, पाऊस पडत असताना, जेव्हा एसीची आठवण कोणालाच नसते.

तेव्हा पोस्टचा बेत रिकाम्या महिन्यात आखा, पण माप भरलेल्या आठवड्याचं घ्या. वैशाखातल्या सगळ्यात धावपळीच्या आठवड्यात तुमच्याकडून किती पोस्ट होतील? एक? मग वर्षभर आठवड्याला एक. ‘एवढ्याशाने काय होतंय’ असं वाटणारच. पण गिऱ्हाईक तुमच्या पेजवर येतं कसं, ते आधी बघू.

(एका घरातलं हळदीकुंकू. बायका एकमेकींच्या साड्या बघतायत.)

‘ब्लाउज कुठं शिवला गं?’ सांगलीतल्या कुठल्याही टेलरची खरी जाहिरात या प्रश्नापासून सुरू होते. नाव कळतं, दुकान कळतं. त्यानंतर घरी जाऊन ती बाई फोनवर ते नाव शोधते. दुकान चालू आहे ना, हात कसा आहे, आपल्याला हवा तसा पाठीचा गळा त्यांना येतो का, एवढंच तिला बघायचं असतं. शेवटची पोस्ट गेल्या आठवड्यातली असेल तर ती फोन लावते. दीड वर्षापूर्वीची असेल तर विचारात पडते, ‘बंद झालं की काय?’

अनोळखी लाखभर लोकांनी रील बघावी, ही हौस नट-नट्यांना परवडते. लखनौहून कोणी ब्लाउज शिवायला सांगलीला येत नाही. पैसे देऊन घेतलेले दहा हजार फॉलोअर्स बहुतेक तिकडचेच असतात, किंवा कुठलेच नसतात.

आणि ज्याच्यामागे रोज पळायचं, तो रीच आपल्या हातात असतो कुठे? जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने सांगून टाकलं की फीडमध्ये घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्ट वर येतील, धंद्यांच्या पेजेसच्या कमी दिसतील. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तिथं जमवलेलं सगळं एका फटक्यात गेलं. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या आणि सगळे नव्याने रांगेत उभे राहिले. दर दोन-तीन वर्षांनी वारं बदलणार. त्याच्या तालावर नाचायचं, तर मशिनवर बसायचं कधी?

(दुकान. सकाळची वेळ. ताई ब्लाउजला हुक लावतायत.)

आता हे जरा निवांत बघा.

हुक लागले. इस्त्री फिरली. पिशवीत जाण्याआधी ब्लाउज हँगरला लागतो, दाराशेजारच्या खिळ्यावर. रोज त्याच खिळ्यावर, कारण तिथं उजेड चांगला येतो आणि मागची भिंत कोरी आहे. पहिला फोटो पाठीचा: नॉट, लटकन, गळ्याची गोलाई. दुसरा बाहीचा, काठ नीट जुळलाय तो. फोटोत दोऱ्याचं लोंबणारं टोक डोळ्याला आधी दिसतं, म्हणून कात्री खिळ्याखालीच ठेवलेली. टोक छाटलं, पुन्हा एक फोटो, ब्लाउज पिशवीत. पाव मिनिट गेलं असेल. काज-बटण, इस्त्री, फोटो, पिशवी, अशा ओळीत तो बसला की वेगळं काम उरत नाही. पोस्ट आत्ता करायचीच नाही. फोटो फोनमध्ये एका वेगळ्या अल्बममध्ये पडून राहतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे घालून डबे भरतात आणि पावसाळ्यात ते पुरवून पुरवून खातात. फोटोंची बेगमी तशीच. लग्नसराईत दिवसाला एक फोटो ठेवला, तर दोन महिन्यांत ६० होतात. आठवड्याला एक पोस्ट म्हटली तर वर्षाला लागतात ५२. म्हणजे एका हंगामात वर्षाची सोय झाली. मग आषाढात किंवा पितृपक्षात, हात रिकामे असताना, तासभर बसून चार-पाच पोस्ट तारीख-वेळ घालून लावून ठेवायच्या. फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी ही सोय त्याच कंपनीच्या मेटा बिझनेस सूट या ॲपमध्ये आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. ‘महिन्याला बारा पोस्ट, चार रील’ अशी पॅकेजं विकणारे असतात. त्यांतले बरेच जण वर सांगितलेली संकष्टीच पाठवतात. घ्यायचंच असेल पॅकेज, तर आधी विचारा, फोटो कोणाचे वापरणार?

फोटोखाली काय लिहायचं? ‘लेटेस्ट ट्रेंडी कलेक्शन, आजच भेट द्या’ हे सगळ्यांनी लिहून झालंय. ताईंनी एकदा तोंडाने सांगितलं तेच लिहिलं: ‘कांजीवरम. पाठीला नॉट, बाहीला साडीचाच काठ. सुती अस्तर आधी भिजवून घेतलंय, धुतल्यावर आटणार नाही. आठ दिवस लागले.’ अस्तर भिजवल्याचं वाचून जी बाई येईल, ती दहा रुपयांवरून घासाघीस करणार नाही. निदान पहिल्या दिवशी तरी नाही.

एक सांभाळायचं. ब्लाउज घातलेल्या बाईचा चेहरा, नवरीचा फोटो, तिने आपणहून पाठवला असला तरी ‘टाकू का?’ असं विचारल्याशिवाय टाकायचा नाही. एसीवाल्यांनी तर जास्तच जपायचं. बेडरूमच्या फोटोत कपाट दिसतं, भिंतीवर मुलांचे फोटो दिसतात. बाहेरच्या युनिटचा फोटो काढा, काम तिथंही दिसतं.

(गच्चीवर एसीचं आउटडोअर युनिट. पाण्याचा फवारा. काळं पाणी वाहतंय.)

एसी दुरुस्तीत दाखवायला नक्षीकाम नसतं, तिथं माहितीच विकते. समजा मेकॅनिककाकांनी लिहिलं, ‘एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठंतरी गळती आहे. गळती न शोधता दरवर्षी नुसता गॅस भरून देणाऱ्याला विचारा, गळती कुठं आहे?’ या एका पोस्टने काकांचे दोन-चार धंदेभाऊ नाराज होतील. गिऱ्हाईक मात्र ती पोस्ट सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड करेल. किंवा, नवा एसी सुरू केला की आकडा २४ वरच का असतो? कारण १ जानेवारी २०२० पासून तसा नियम आहे, कंपनीने एसी २४ वर लावूनच द्यायचा. असे प्रश्न गिऱ्हाईक रोज विचारतं. आज तीन जणांनी जे विचारलं, ते या आठवड्याच्या पोस्टमध्ये गेलं.

सांगलीकरांना उपयोगी स्टेटस काय असतं, हे शिकवायला नको. पावसाळ्यात कृष्णा चढायला लागली की अख्खं गाव एकच स्टेटस शोधतं: आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर? ऑगस्ट २०१९ मध्ये ती पातळी ५७ फुटांच्या वर गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा घरांत पाणी आलं. पाणी ओसरलं की गल्लोगल्ली भिजलेले फ्रिज आणि वॉशिंग मशिन बाहेर काढलेले असतात, आणि कोणीतरी घाईने प्लग लावून बघतं. अशा दिवशी ‘भिजलेला फ्रिज लगेच चालू करू नका. प्लग काढून ठेवा, वाळू द्या, तपासून घ्या, आम्ही क्रमाने येतोय’ एवढं लिहिणारा मेकॅनिक गावाच्या लक्षात राहतो. वर्षभर सणांच्या शुभेच्छा टाकून ते होत नाही.

(गूगल मॅपचा स्क्रीन. दुकानाचं नाव, वेळ, फोटो.)

इन्स्टाग्रामच्या नादात ही जागा विसरली जाते. फ्रिज बंद पडलेला माणूस रील बघत बसत नाही, तो गूगलवर ‘फ्रिज रिपेअर’ टाकतो. गूगलचं म्हणणं असं की शोधलेल्या कामाशी दुकान जुळतं का, ते किती जवळ आहे आणि त्याचं नाव किती झालंय, या गोष्टी बघून ते दुकानं दाखवतं. रोज पोस्ट टाका असं इथं कोणी म्हणत नाही. वेळ बरोबर हवी, फोन नंबर चालू हवा, सणाच्या सुट्ट्या घातलेल्या हव्यात, अधूनमधून एखादा नवा फोटो आणि रिव्ह्यूला दोन ओळींचं उत्तर. घरातून शिवणाऱ्या ताईंनी पत्ता झाकून नुसता भाग दाखवावा, तशी सोय आहे. हे सगळं फुकट असतं. ‘तुमचं लिस्टिंग (म्हणजे गूगलवरची दुकानाची नोंद) बंद होणार, पैसे भरा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्यावा.

आणि पासवर्ड! पेज काढून दिलं भाच्याने, त्याच्याच ईमेलवरून. भाचा नोकरीला पुण्याला गेला, फोन बदलला, ईमेलही बदलला. आता दुकानाचा पत्ता बदललाय आणि गूगलवर तो बदलायची सोय नाही. दिवाळीला भाचा आला की ‘बघू मामी’ म्हणतो. पेज कोणीही काढून देवो, मालकी स्वतःच्या ईमेलवर घ्या, आणि पासवर्ड मापाच्या वहीत नको, घरी लिहून ठेवा.

(रात्र. दुकानाचं शटर अर्धं खाली. फोन वाजतोय.)

पोस्ट टाकून माणूस थकतो त्यापेक्षा जास्त थकतो त्यानंतरच्या मेसेजनी. ‘रेट?’ रात्री साडेअकराला. ‘ताई, झाला का ओ?’ सकाळी सहाला. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये यावर उतारा आहे, पण तो वापरणारे थोडे. दुकान बंद असताना आपोआप जाणारा निरोप लावता येतो: ‘सकाळी दहाला उत्तर देते.’ दरांची यादी एकदा लिहून ठेवली की तिरपी रेघ आणि एक शब्द टाइप केला की पूर्ण निघून जाते. ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना, मात्र जपून. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. रोज पाठवलं तर ते ब्लॉक करतात. वर्षातून मोजक्या वेळा पाठवलं तर वाचतात.

त्या मोजक्या वेळा कोणत्या? एसीवाल्यांसाठी फेब्रुवारीची अखेर: ‘उन्हाळ्याआधी सर्व्हिसिंग करून घ्या, एप्रिलमध्ये तारीख मिळणार नाही.’ टेलरताईंसाठी दिवाळीच्या वीस-पंचवीस दिवस आधी, आणि हा निरोप बहुतेक जण कधीच पाठवत नाहीत: ‘दिवाळीच्या ऑर्डर भरल्या. आता आलेला ब्लाउज दिवाळीनंतर मिळेल. घाई असेल तर कृपया दुसरीकडे टाका.’

आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं म्हणजे काय, असं ताईंच्या सासूबाईंना वाटतं. पण हा निरोप गेल्यावर ‘एवढा एकच घ्या की ओ’ म्हणणारे फोन कमी झाले, घेतलेले ब्लाउज वेळेवर गेले, आणि पुढच्या खेपेला बायका नवरात्राच्या आधीच कापड घेऊन दारात उभ्या राहिल्या.