कड्यावर एक, घळीत एक

(दृश्य : बर्फाळ उतार. खाली काळा ठिपका सरकतो आहे. वाऱ्यातून तुटक आरोळी.)

खाली घळीत हा ठिपका सरकतोय, तो घोडेस्वार आहे. थोडं पुढे जातो, ओरडतो, रिकिबीवर काठी आपटतो, पुन्हा ओरडतो. तो रान उठवतोय. रान म्हणायला इथे एक झाड नाही. कातळ, कपारी आणि काल रात्री पडलेलं बर्फ, बस्स. त्या कपारींतून कोल्हा बाहेर पडावा म्हणून ही आरडाओरड. वर कड्यावर त्याचा दोस्त थांबलाय. दोस्ताच्या उजव्या हातावर गरुड आहे.

गरुडाचे फोटो जगभर निघतात. घळीतल्या माणसाचा कुणी काढत नाही. म्हणून आम्ही कॅमेरा आधी त्याच्याकडे वळवला.

(नकाशा. मग खोऱ्यातली घरं, धूर.)

मंगोलियाचं पश्चिम टोक, बायान-उल्गी प्रांत. राजधानी उलानबातर इथून दीड हजार किलोमीटरांहून लांब. रशिया आणि चीन मात्र अल्ताईच्या रांगेपलीकडे. इथली बहुसंख्य माणसं कझाक. एकोणिसाव्या शतकात त्यांचे पूर्वज मेंढ्या-घोड्यांसह अल्ताई ओलांडून या खोऱ्यांत आले, आणि ही विद्या त्यांच्याबरोबर आली. सुवर्णगरुडाला ते 'बुर्कित' म्हणतात, त्याच्याकडून शिकार करवणाऱ्याला 'बुर्कितशी'. रान उठवणारा तो 'कागुशी'. आणि मित्र म्हणजे 'दोस'. फारसीतला एकच शब्द तिकडे जाऊन दोस झाला, आपल्याकडे येऊन दोस्त.

हे दोघे एकाच वर्षी जन्मलेले. अशा समवयस्कांना कझाक 'कुर्दास' म्हणतात. कुर्दासानं कुर्दासाची वाट्टेल तशी थट्टा करावी, राग धरायचा नाही. पुढे दोघे एकमेकांवर खेकसताना दिसतील, तेव्हा हे लक्षात असू द्या.

(घराच्या आत. पहाट. चुलीत गोवऱ्या. कोपऱ्यात लाकडी तिवईवर गरुड, डोळ्यांवर कातडी टोपी.)

मीठ घातलेला दुधाचा चहा, पिठाचे तळलेले गोळे, म्हणजे बाउरसाक. घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही, कारण कोपऱ्यातली जागी झाली आहे. हो, ती. शिकारीला मादीच घेतात. नरापेक्षा ती आकारानं बरीच मोठी, वजन सहा किलोच्या आसपास, पंख पसरले तर दोन मीटर. तिच्या डोळ्यांवरची टोपी म्हणजे 'तोमागा'. दिसत नाही तोवर ती शांत असते.

आता बुर्कितशीचा हात बघा. पिसांतून बोटं आत घालून तो छातीचं हाड चाचपतोय. हाड बोटाला किती टोचतं, त्यावरून आज ती उडेल की नाही ते कळतं. भरल्या पोटाचा गरुड शिकार करत नाही. लांबच्या कड्यावर जाऊन बसतो आणि संध्याकाळपर्यंत बोलावून येत नाही. फार उपाशी ठेवला तर बर्फातच कोसळेल. म्हणून शिकारीच्या आधीचे काही दिवस तिला 'आक जेम' मिळतं, म्हणजे पांढरा घास. मांस पाण्यात धूत राहायचं, रक्त निघून ते फिकट होईतो. पोट भरतं, पण अंगाला लागत नाही. किती धुवायचं, किती द्यायचं, हे तराजू सांगत नाही. ते बोटं सांगतात.

(तिवईचा पाय. नख्या. जुना दोर.)

पहिल्या हिवाळ्यात ती माणसाचा हात जवळ येऊ देत नव्हती. नव्या पक्ष्याला कझाक दोरावर झुलत्या ओंडक्यावर बसवतात. ओंडका हलतो, तिला तोल सावरावा लागतो, झोप लागत नाही. आणि ती झोपू नये, तर माणसानंही झोपायचं नाही. तिच्याशी बोलत राहायचं, गुणगुणायचं, आवाजाची सवय लावायची. एका माणसाला हे झेपत नाही. मध्यरात्रीपर्यंत हा, पहाटेपर्यंत तो, अशा रात्री दोघांनी वाटून घेतल्या. दोघांचेही आवाज तिला ओळखीचे झाले ते तेव्हापासून.

मग हातावरचा घास. आधी हातभर अंतरावरून, मग अंगणातून, मग टेकडीवरून. शेवटी 'शिर्गा'. पेंढा भरलेलं कोल्ह्याचं कातडं दोराला बांधून घोडा भरधाव सोडायचा, आणि वरून गरुड त्यावर झेप घालणार. दोर धरून घोडा पळवत होता तो हाच, घळीतला. घोड्यामागे काही हात अंतरावर सहा किलोचा गरुड आदळतो, तेव्हा लगाम न ओढता बसून राहणं सोपं नाही. या दोघांनी ते एका हिवाळ्यात कितीदा केलं असेल, त्याचा हिशेब त्यांनी ठेवलेला नाही.

(घोड्यांवर. उन्हाची पहिली तिरीप. दुबेळक्याच्या काठीवर टेकलेला हात.)

खोगिराला टेकवलेली ही दुबेळक्याची काठी, 'बालदाक'. पक्ष्यासह हात तिच्यावर टेकतो, नाहीतर एवढं वजन तासन्‌तास पेलणार कोण? हातात जाड कातडी मोजा. डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, मागच्या कुठल्यातरी हिवाळ्यातली.

चढणीच्या पायथ्याशी वाटा फुटतात. बोलणं नाही. एकानं हनुवटीनं कडा दाखवला, दुसऱ्यानं घोडा घळीकडे वळवला.

(बराच वेळ निवेदन नाही. वारा. घोड्यांचे श्वास.)

बर्फावर ही नवी पावलांची रेघ. कागुशीनं ती वाचली आहे, आणि कोल्हा कुठल्या बाजूनं निघेल तेही त्यानं ठरवलंय. वरच्याला इतक्या उंचीवरून ही रेघ दिसत नाही. तो फक्त आरोळी कुठून येते ते ऐकतोय.

आरोळी बदलली. ऐका.

(तोमागा निघतो. गरुडाची मान फिरते. उड्डाण.)

(उताराच्या मध्यावर गरुड जमिनीला टेकतो. कोल्हा खडकांत शिरतो.)

हुकली. तिनं उताराचा वारा बरोबर धरला होता, कोल्हा अर्ध्या क्षणानं आधी वळला. बर्फात बसलेल्या गरुडाला हातावर परत बोलावायला वीस मिनिटं गेली, मांसाचा तुकडा दाखवत, 'का! का!' अशी साद घालत. तोवर खालचा पुन्हा घळीच्या तोंडाशी पोहोचला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी झेप पुढच्या सोंडेवरून.

(उड्डाण. दूरवर बर्फाचा फवारा. दोन्ही घोडे दोन दिशांनी धावतात.)

आधी पोहोचला तो कागुशी. कोल्ह्याच्या जबड्यापासून गरुडाचे पाय वाचवायचे, तर वेळ थोडा असतो. एक पंजा तोंडावर, एक पाठीवर, अशीच तिची पकड असते. ती सुटली तर चाव्यानं गरुड कायमचा लंगडा होऊ शकतो. तिनं त्याला जवळ येऊ दिलं. अनोळखी माणसाला ती येऊ देत नाही.

(जवळून : पंजे, हात, वाफ.)

युनेस्कोनं २०१० मध्ये शिकारी पक्षी पाळण्याच्या कलेला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं, त्यात मंगोलिया पहिल्यापासून आहे. उल्गीजवळ १९९९ पासून दर ऑक्टोबरात सुवर्णगरुड उत्सव भरतो. देखणा असतो, पाहुणे येतात, चार पैसे घरात येतात. पण तिथे गरुड टेकडीवरून सुटून मैदानातल्या मालकाच्या हातावर किंवा ओढलेल्या कातड्यावर येतो. तिथे घळ नाही, पावलांची रेघ नाही, म्हणून तिथे कागुशीही लागत नाही. १९९१ नंतर या खोऱ्यांतली कितीतरी कुटुंबं कझाकस्तानात गेली. गरुड पाळणारी पोरं अजून मिळतात, असं कड्यावरचा सांगतो. थंडीत दिवसभर दुसऱ्याच्या गरुडासाठी ओरडायला कोण येणार, हा त्याचा प्रश्न आहे.

ही मादी घरट्यातून आणलेली. त्या वर्षी त्या घरट्यातून एक पिल्लू कमी उडालं. काही वर्षांनी वसंतात तिला डोंगरात सोडून द्यायचं, ही रीत हे दोघेही पाळणार आहेत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर असा घरट्यातून पक्षी आणून पाळता येत नाही.

(संध्याकाळ. परतीची वाट. दोन्ही घोडे शेजारी.)

खोगिराला मागे लोंबणाऱ्या कातडी वाद्या म्हणजे 'कान्जिगा'. शिकारीला निघणाऱ्याला कझाक म्हणतात, तुझी कान्जिगा चरबीनं माखो. सकाळी दारातून हेच म्हणत त्यांना निरोप दिला होता.

कोल्हा बघा कुणाच्या कान्जिगाला बांधलाय. मिळालेली शिकार सोबत्याला देण्याची कझाकांची जुनी रीत आहे. कागुशी नको म्हणाला, वर दोस्ताच्या गरुडाच्या नेमावरून काहीतरी बोलला. आमच्या दुभाष्यानं ते सांगायला नकार दिला.

(दोघे हसतात. गरुडाला तोमागा. घरात दिवा लागतो.)