भाषा गेली, सॉसेज राहिलं

नमस्कार मंडळी.

मागे अजून प्लेटा वाजताहेत, म्हणजे वडे संपलेले नाहीत. तेव्हा मी निवांत बोलतो. आपल्या मराठी मंडळाच्या सचिवांनी मला ‘परदेशातील मराठी : आव्हाने आणि संधी’ असा विषय दिला होता. तो मी घरीच ठेवून आलोय. त्यापेक्षा गेल्या महिन्यात आमच्याकडे जे भांडण झालं ते सांगतो.

साताऱ्याहून आई आली आहे. तिला झाडाला लागलेलं पीच बघायचं होतं, म्हणून फ्रेडरिक्सबर्गला गेलो, टेक्सासातल्या त्या जर्मन लोकांनी वसवलेल्या गावाला. आपण सगळेच जातो. पीच घ्यायचे, ‘विलकोमेन’च्या, म्हणजे जर्मनमधल्या ‘सुस्वागतम्’च्या पाटीखाली फोटो काढायचा, परत यायचं. तिथून दीड तासावर, ऑस्टिनमध्ये पंचवीस वर्षं राहूनही तिथल्या संग्रहालयात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. या खेपेला टाकलं, तेही आईला ऊन सोसेना म्हणून. इतिहासाची ओढ वगैरे काही नव्हती.

दारात एक आजोबा स्वयंसेवक होते. मी सहज विचारलं, तुम्हाला जर्मन येतं का? हसून म्हणाले, वडिलांना येत होतं. मला एक प्रार्थना येते आणि चार शिव्या. पण सॉसेज आम्ही अजून आजोबांच्याच पद्धतीनं करतो.

आमची बारा वर्षांची लेक शेजारीच उभी होती. म्हणाली, “बाबा, म्हणजे लँग्वेज गेली आणि सॉसेज राहिलं? मग आपलं पण तसंच होणार?”

मी ताडकन म्हणालो, “ऑफ कोर्स नॉट! डोन्ट बी सिली!”

बायको म्हणाली, “उत्तर कुठल्या भाषेत दिलंस?”

तिथून जे सुरू झालं ते जेवणापर्यंत चाललं. आई माझ्यावर, मी लेकीवर, बायको आम्हा दोघांवर. लेक मात्र शांतपणे पाट्या वाचत पुढे गेली. मग मीही गेलो. भांडणातून सुटायला पाट्या बऱ्या असतात.

ही माणसं इथे कशी आली ठाऊक आहे? एका मंडळामुळे! १८४२ मध्ये ऱ्हाइनकाठच्या बीब्रिखला काही सरदार-राजपुत्रांनी ‘आडेल्सफेराइन’ काढलं. ‘फेराइन’ म्हणजे चक्क मंडळ. ‘टेक्सासात या, बायकोपोरं असतील तर ३२० एकर देतो, एकट्याला १६०,’ असं आश्वासन. टेक्सासातले पहिले प्रमुख प्रिन्स कार्ल. त्यांनी १८४५ मध्ये न्यू ब्राउनफेल्स वसवलं आणि ते मायदेशी परतले. मागे हिशेबाच्या वह्या अशा ठेवल्या की पुढच्या प्रमुखाला कपाळाला हात लावायची वेळ आली. दोनच वर्षांत मंडळाचं दिवाळं निघालं. (खजिनदारसाहेब, मी तुमच्याकडे बघत नाहीये.)

दिवाळं मंडळाचं निघालं, पण मेला शेतकरी. बोटी गॅल्व्हस्टनला आणि पुढे इंडियनोलाच्या किनाऱ्याला लागल्या. १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध पेटलं आणि बैलगाड्या सैन्यानं भाड्यानं ओढून नेल्या. हजारो माणसं वाळूवर तंबूत अडकली. पाऊस, ताप, हगवण. शेकडो तिथेच गेली, काही चालत निघाली ती वाटेत पडली. जमीन विकून आलेली माणसं होती ही. परत जायला मागे काही उरलेलं नव्हतं. आपण एचवनबी व्हिसाच्या कागदांवरून रडलो, तेव्हा मंडळी, निदान डोक्यावर छप्पर होतं.

त्याच वर्षी मे महिन्यात १२० जणांची पहिली तुकडी सोळा दिवसांचा प्रवास करून फ्रेडरिक्सबर्गला पोचली. ३२० एकर कुठले? हातात पडला गावातला एक प्लॉट आणि गावाबाहेरची दहा एकर. आश्वासनातली जमीन लानो नदीपल्याड, कोमान्ची या इथल्या मूळ रहिवाशांच्या मुलखात. ज्यांची जमीन होती त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सरदारांनी न पाहिलेली जमीन नकाशावर वाटून टाकलेली. हे वाचून माझी आई म्हणाली, “म्हणजे आपल्या तलाठ्याच्या वरचे निघाले.”

नवा प्रमुख मॉयझेबाख मात्र वेगळा निघाला. ‘बॅरन’ ही पदवी टाकून जॉन झाला आणि १८४७ मध्ये कोमान्चींशी स्वतः जाऊन तह केला. त्या वाटाघाटींच्या दिवसांत आसपासच्या टेकड्यांवर जाळ पेटले. पोरं घाबरली. तेव्हा म्हणे एका आईनं सांगितलं, तो ईस्टरचा ससा आहे, फुलांच्या रंगात अंडी उकळतोय, झोपा आता. गावात ही गोष्ट अजून सांगतात. आई म्हणाली, “आईला खोटं बोलावंच लागतं.” हे माझ्याकडे बघून का म्हणाली, विचारलं नाही.

आणि शेती? मातीचा पोत वेगळा, पाऊस लहरी, हंगाम वेगळे. गव्हा-राईचा पाव खाणाऱ्या माणसाच्या ताटात मक्याची भाकरी आली. त्यांच्या गावाकडे मका जनावरांपुढे टाकत. आई लगेच म्हणाली, “आम्ही बाहत्तरला मिलो खाल्ला की, लाल ज्वारी. तोही यांच्याच देशातला.” पुढची पाच मिनिटं आमच्या संग्रहालयात दुष्काळच होता.

दळण कुठे करायचं? जवळच मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची एक वस्ती होती, झोडियाक नावाची. त्यांची गिरणी या जर्मनांच्या कामी आली. १८४८ मध्ये जवळ फौजेचं ठाणं झालं, फोर्ट मार्टिन स्कॉट, तेव्हा कुठे धान्याला गिऱ्हाईक मिळालं. कोकणातल्या गडग्यांसारखी दगडावर दगड रचलेली कुंपणं अजून दिसतात. रानातले दगड वेचले तेव्हा शेत झालं, आणि वेचलेल्या दगडांचं कुंपण. कष्ट बहुतेक घरच्याच माणसांचे.

जर्मन वसाहतकऱ्यांत एक म्हण आहे : पहिल्या पिढीला मरण, दुसरीला वणवण, तिसरीला भाकरी. मी ती लेकीला समजावून सांगितली. तिनं विचारलं, “आणि चौथीला?”

तिथे एक ‘संडे हाउस’ आहे, गावातलं टीचभर घर. खाली एक खोली, वर पोटमाळा, त्याला बाहेरून जिना. लांबच्या शेतावरचं कुटुंब शनिवारी घोडागाडीनं यायचं, लोणी-अंडी विकायचं, मीठ-साखर घ्यायचं, पोरं माळ्यावर झोपायची, रविवारी चर्च करून परत. जर्मनमधलं चर्च. केवळ आपल्या माणसांत दीड दिवस राहायला त्यांनी दुसरं घर बांधलं! आणि आपल्या ग्रुपवर काल कुणी लिहिलंय : “हॉल फार लांब घेतलात, चाळीस मिनिटं लागतात.” नाव घेत नाही. वडा खाताहेत ते.

सांगायचं हे की त्यांच्याकडे सगळं होतं. चर्च, शाळा, गायन मंडळं, नेमबाजीची मंडळं. न्यू ब्राउनफेल्सचं वर्तमानपत्र १८५२ मध्ये निघालं आणि जर्मनमध्ये छापलं जात होतं १९५७ पर्यंत. शंभरावर वर्षं! आपलं त्रैमासिक दोन अंकांत बंद पडलं, त्यातला एक दिवाळी अंक होळीला आला. संपादक मीच होतो.

आणि तरी भाषा गेली. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणाऱ्याकडे संशयानं बघू लागले, १९१८ मध्ये कायद्यानं शाळा इंग्रजीत झाल्या. हे खरंच. पण कायदा स्वयंपाकघरात येत नाही. तिथे आईबापांनीच ठरवलं असणार की पोरांना त्रास नको. प्रेमानंच ठरवलं असेल. आपल्या ऑस्टिनच्या विद्यापीठातले भाषा-अभ्यासक हान्स बोआस २००१ पासून उरलेल्या म्हाताऱ्यांची बोली ध्वनिमुद्रित करून ठेवताहेत. आपली मराठी शाळा रविवारी दोन तास. त्यात अर्धा तास पोरं येईपर्यंत जातो, शेवटचा अर्धा तास पिझ्झा. शिकवायला तिघीजणी, आणि मोदकांच्या समितीत अकरा जण. मोदक सुंदर होतात, प्रश्नच नाही. पण लेकीचं वाक्य डोक्यातून जात नाही. मोदक हेच आपलं सॉसेज नाही ना?

माझ्याकडे उत्तर नाही. मी स्वतः घाईत असलो की इंग्रजीत बोलतो, रागावलो की तर नक्कीच. गेला महिनाभर मराठीत रागवायचा प्रयत्न करतोय. लेक म्हणते, “बाबा, मराठीत तुम्ही फनी वाटता.”

त्या टेक्सासच्या जर्मनांनी इथे स्कंक हा दुर्गंधी सोडणारा प्राणी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्यांच्याकडे शब्द नव्हता. म्हणून त्यांनी केला : ‘श्टिंककात्से’, वास मारणारं मांजर. हे मी गाडीत सांगितलं, कुणी लक्ष दिलं नाही. अबोला होता. संध्याकाळी २९० नंबरच्या हायवेवर, जॉन्सन सिटीच्या पुढे, काचा बंद असूनही तो वास आत आला. आई म्हणाली, “अगं बाई, हा कसला घाण वास?”

मागून लेक म्हणाली, “आजी, घाणमांजर!”

आई इतकी हसली की अबोला सुटला. लेकीनं तो शब्द लगेच फोनमध्ये लिहून ठेवला. नंतर तिनं मला दाखवला. रोमन लिपीत लिहिला होता.