कळतं, पण वळत नाही

नमस्कार श्रोतेहो.

२८ वर्षं मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. आर्किमिडीजचा सिद्धान्त दर वर्षी फळ्यावर लिहायचा, त्याची गणितं सोडवून घ्यायची, परीक्षेत त्यावर हमखास एक प्रश्न टाकायचा. द्रवात बुडालेल्या वस्तूवर, तिनं बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतकं बल वरच्या दिशेनं लागतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि निवृत्तीनंतर, ६१ व्या वर्षी, पोहायला शिकायचं म्हणून तलावात उतरले, तर गटांगळी खाल्ली. तीसुद्धा छातीएवढ्या पाण्यात!

मला शिकवणारी मुलगी विशीतली. ती काठावरून एकच गोष्ट सांगत होती. "काकू, अंग सैल सोडा. पाणी तुम्हाला उचलतंय." मनात म्हटलं, अगं, हे मी तुझ्या जन्माच्या आधीपासून शिकवतेय. छातीत हवा भरलेली असली तर माणसाच्या शरीराची घनता पाण्याहून किंचित कमी भरते, बहुतेक माणसं तरंगतात, हे मला आकड्यांसकट ठाऊक होतं. पण पाय तळापासून सुटले की मान ताठ व्हायची, मुठी आवळल्या जायच्या, आणि सिद्धान्ताची पार वाफ व्हायची.

आपण किती सहज म्हणतो, कळतं पण वळत नाही. बहुतेक वेळा हे दुसऱ्याला टोमणा म्हणून म्हणतो. मला ते त्या तलावात नीट ऐकू आलं. कळणं एक, वळणं दुसरं, आणि उमगणं आणखी तिसरं. 'हात बसला' म्हणतो, 'अंगवळणी पडलं' म्हणतो. भाषेनं ज्ञानाचा मुक्काम नुसता डोक्यात ठेवलेला नाही, तो हातात आणि अंगातही ठेवलाय. आज मला बोलायचंय ते याच आतल्या शहाणपणाबद्दल. तुमच्या आतच सगळी उत्तरं आहेत, फक्त आत डोकावून बघा, असं हल्ली फार ऐकू येतं. ऐकायला गोड वाटतं. पण मला ते अर्धंच पटतं, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल माझी तक्रार आहे.

या विचाराचं मूळ खूप जुनं आहे. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'मेनो' या संवादात त्याचा गुरू सॉक्रेटिस मेनोशी बोलता बोलता मेनोच्याच एका गुलाम मुलाला बोलावतो. त्या मुलाला भूमिती कुणी शिकवलेली नाही. सॉक्रेटिस जमिनीवर एक चौरस काढतो, बाजू २ फूट, म्हणजे क्षेत्रफळ ४. आणि विचारतो, याच्या बरोबर दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा, तर बाजू किती घ्यावी? तुम्हीही हातातलं काम न सोडता विचार करून बघा. मुलगा लगेच म्हणतो, बाजू दुप्पट करा. ४ फूट. काढून बघितलं तर क्षेत्रफळ १६, म्हणजे चौपट! मग मधला मार्ग काढावा म्हणून तो म्हणतो ३ फूट. ते झाले ९. हवेत ८. आणि आता मुलगा सांगतो की मला खरंच माहीत नाही.

माझ्या मते त्या संवादातली सगळ्यात मोलाची जागा हीच. सॉक्रेटिस तिथं थांबून मेनोला विचारतो, याला गोंधळात पाडून आपण याचं काही नुकसान केलं का? सुरुवातीला याला येत नव्हतं, पण येतंय असं वाटत होतं. आता येत नाही हे त्याला कळलंय, आणि म्हणून तो शोधेल. पुढं सॉक्रेटिस मूळ चौरसासारखे चार चौरस एकमेकांना लावून काढतो, प्रत्येकाचा कर्ण आखतो. कर्ण चौरसाचे दोन सारखे भाग करतो. चार अर्धे मिळून आत एक तिरपा चौरस तयार होतो आणि त्याचं क्षेत्रफळ नेमकं ८. मुलगा स्वतः मोजून सांगतो.

यावरून सॉक्रेटिस म्हणतो की ज्ञान आत होतंच, आपण फक्त आठवण करून दिली. इथं मी, एक शाळामास्तरीण, सॉक्रेटिसशी वाद घालते. कर्ण कुणी आखला? मुलानं नाही. प्रश्न कसले तयार होते, ते वाचलेत तर हसू येईल, पुष्कळ ठिकाणी मुलाला नुसतं 'हो' म्हणायचंय. पण एक मात्र मान्य. ८ हे उत्तर त्याच्या गळ्याखाली कुणी ढकललं नाही. पटलं ते त्याला आतून पटलं. बाहेरून प्रश्न यावा लागतो आणि आतून होकार यावा लागतो. या दोन्हींतलं एक गाळलं की एका बाजूला पोपटपंची उरते आणि दुसऱ्या बाजूला मनाचे मांडे.

मग तो आतला होकार, तो आतला आवाज, येतो कुठून? बुद्धिबळाचं एक उदाहरण मला फार आवडतं. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली मांडणी ५ सेकंद दाखवायची आणि मग आठवून पुन्हा मांडायला सांगायचं. कसलेल्या खेळाडूनं बहुतेक मोहरी बिनचूक मांडली, नवशिक्याला चारपाच जमली. मग तीच मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली. आणि आता तो उस्ताद नवशिक्याच्या पंगतीला येऊन बसला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती दैवी नव्हती. वर्षानुवर्षं खेळून हजारो मांडण्या ओळखीच्या झाल्या होत्या, जसा आपल्याला गर्दीत ओळखीचा चेहरा दिसतो. ज्याला आपण अंतःप्रेरणा म्हणतो ती पुष्कळदा अशी ओळख असते. कधी शिकलो ते विसरलेलं, पण शिकलेलंच.

आणि म्हणूनच आतल्या आवाजावर सरसकट विश्वास ठेवायचा नसतो. डॅनियल काहनेमन हे मानसशास्त्रज्ञ अंतःप्रेरणेकडे संशयानं बघणारे, तर गॅरी क्लाइन हे अग्निशमन दलाच्या प्रमुखांचे क्षणार्धातले अचूक निर्णय अभ्यासून तिचं कौतुक करणारे. हे दोघे वाद घालायला बसले आणि २००९ मध्ये त्यांनी मिळून एक लेख लिहिला. त्यांचं एकमत कशावर झालं? त्या क्षेत्रात काही नियमितपणा हवा, आणि आपलं बरोबर की चूक ते वेळेवर कळण्याची सोय हवी. ही सोय नसेल तर २० वर्षांचा अनुभव म्हणजे एकच चूक २० वर्षं गिरवणंही असू शकतं. किती खात्री वाटते यावरून काहीच ठरत नाही.

खात्रीवरून आठवलं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चार वेळा वाचायला लावला. दुसऱ्या गटाला एकदाच वाचू दिला आणि मग तीन वेळा, उतारा समोर न ठेवता, आठवेल ते लिहायला सांगितलं. आठवड्यानंतर तपासलं, तर नुसतं वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. गंमत म्हणजे, आपल्याला चांगलं आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता! पुस्तक मिटून भिंतीकडे बघत बसलं की जी अस्वस्थता येते ना, ती शिकण्याची खूण असते. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ते वाटणंच आपल्याला फसवतं.

आता वयाचं. साठी बुद्धी नाठी ही म्हण मला तलावात रोज आठवायची. ती निव्वळ खोटी आहे असं म्हणणार नाही. पटकन विचार करण्याचा वेग विशीच्या आधीच शिखर गाठतो, नवं शिकायला आता वेळ लागतो, आणि ज्यांना लागत नाही ते मला भेटलेले नाहीत. पण २०१५ मध्ये जोशुआ हार्ट्सहॉर्न आणि लॉरा जर्माइन या संशोधकांनी हजारो माणसांच्या चाचण्या पडताळल्या, तेव्हा दिसलं की सगळ्या क्षमता एकाच वयात कळसाला जात नाहीत. शब्दसंग्रह तर त्यांच्या आकड्यांत साठीच्या उत्तरार्धात किंवा सत्तरीच्या सुरुवातीला सर्वांत वर होता. त्यामुळं ती म्हण ऐकली की मी विचारते, कुठली बुद्धी म्हणताय?

खरी अडचण बुद्धीची नसतेच हो. अडचण असते ती पुन्हा बिगरीत बसण्याची. २८ वर्षं लोक मला 'मॅडम' म्हणत आले, आणि आता आठ वर्षांची पोरं शेजारून सूर मारून जात होती आणि मी कठडा धरून लाथा झाडत होते. एके दिवशी एका पोरानं विचारलं, "आजी, तुम्हाला अजून येत नाही?" "नाही रे," म्हटलं. आणि काय सांगू, मान तेव्हाच थोडी सैल झाली.

तरंगायला मला १९ दिवस लागले. कसं जमलं ते सांगता येत नाही. कान पाण्याखाली गेले, आवाज बंद झाले, छत दिसलं, आणि लक्षात आलं की मी काहीच करत नाहीये.

त्यानंतर आठवड्याभरानं त्या मुलीनं मला विचारलं, "काकू, तुम्ही सायन्सच्या ना? मग सांगा, डोकं वर उचललं की पाय खाली का जातात?" मी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. इतकी वर्षं गणितात मी सोडलेली वस्तू म्हणजे लाकडाचा ठोकळा. त्याला छाती नव्हती, पाय नव्हते. घरी येऊन कागदावर आकृती काढली. हवा छातीत, म्हणून पाण्याचा उचल तिथं जास्त. पाय जड, म्हणून वजनाचा मध्य जरा खाली कमरेकडे. दोन बलं एका रेषेत नाहीत, म्हणून अंग तराजूसारखं फिरतं आणि पाय बुडतात. डोकं वर काढलं की ते पाणी सारायचं थांबतं, उचल घटतो, आणि ते डोकं पेलायला बाकीचं अंग आणखी खाली जातं. दुसऱ्या दिवशी तिला ओल्या फरशीवर बोटानं काढून दाखवलं. तिनं लगेच पाण्यात उतरून हात डोक्यामागं लांब ताणले आणि पाय आपसूक वर आले. म्हणाली, "हे मी करत होते, पण का ते माहीत नव्हतं."

मला का ते माहीत होतं आणि करता येत नव्हतं. दोघी खूप हसलो.

सध्या आमचं श्वासावर अडलंय. डोकं न उचलता, नुसतं कुशीवर वळवून श्वास घ्यायचा असतो. डावीकडे जमतो. उजवीकडे अजून नाकात पाणी जातं. उद्या सकाळी सहाला पुन्हा जायचंय.

नमस्कार.