मागच्या सीटमागचे २८ कप्पे

फ्रीमाँटच्या एका शांत गल्लीत सकाळच्या उजेडात उभी असलेली ही राखाडी गाडी २००६ सालची टोयोटा प्रियस आहे. मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर रंगाचा एक छोटा पट्टा आजूबाजूच्या रंगापेक्षा गडद राहिलेला दिसतो. तिथे पूर्वी पिवळा स्टिकर होता. गाडीत चालक एकटा असला तरी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि वीज या दोन्हींवर चालणाऱ्या गाड्यांना कारपूलच्या, म्हणजे एकाहून अधिक माणसे असलेल्या गाड्यांच्या राखीव मार्गिकेतून जाण्याची मुभा कॅलिफोर्निया राज्याने दिली होती आणि त्यासाठी असे ८५,००० स्टिकर दिले होते. ही मुभा १ जुलै २०११ रोजी संपली. स्टिकर खरवडून निघाला, पण त्याखाली उन्हापासून वाचलेला मूळ रंग तसाच राहिला. आम्ही ही गाडी २०१६ मध्ये विकत घेतली, तेव्हा ती १,१२,००० मैल धावलेली होती.

आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा, मग तो पुण्याहून आलेला असो की सॅन होजेहून, गाडीत बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत एकच प्रश्न विचारतो: "बॅटरी गेली तर काय करणार?" हा प्रश्न रास्त आहे. परंतु जुनी हायब्रिड गाडी सांभाळण्याच्या कामात मोठ्या बॅटरीचा वाटा लोकांना वाटतो त्याहून बराच लहान आहे, आणि तिच्या भीतीपोटी ज्या साध्या गोष्टींकडे दुर्लक्ष होते, त्याच गाडीला लवकर भंगारात नेतात, असे माझे ठाम मत झाले आहे.

आधी गाडीची रचना पाहू. या गाडीत वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही आणि क्लचही नाही. दीड लिटरचे पेट्रोल इंजिन आणि दोन विद्युत मोटर एकाच प्लॅनेटरी गिअरने जोडलेल्या आहेत: मधल्या दात्याच्या चाकाला लहान मोटर, त्याभोवती फिरणाऱ्या चाकांच्या सांगाड्याला इंजिन, आणि सर्वांत बाहेरच्या कड्याला मोठी मोटर व तिच्यामार्फत गाडीची चाके. हे दाते कधीही एकमेकांपासून सुटत नाहीत. कोणता भाग किती वेगाने फिरतो, एवढेच बदलते. इंजिन सुरू करायचे असले की लहान मोटरच ते फिरवते, आणि ब्रेक दाबला की मोठी मोटर जनित्र होऊन वीज परत बॅटरीत भरते. त्यामुळे साध्या गाडीत हमखास झिजणारे कित्येक भाग इथे मुळातच नाहीत. ब्रेकचे पॅडसुद्धा फार कमी झिजतात. उलट कमी वापरामुळे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना जाम होतात, म्हणून वर्षातून एकदा त्या काढून, पुसून, ग्रीस लावून बसवाव्या लागतात.

आता मोठ्या बॅटरीकडे वळू. मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकीच्या तळाशी असलेल्या या धातूच्या पेटीत निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे २८ कप्पे ओळीने बसवलेले आहेत. प्रत्येक कप्प्यात १.२ व्होल्टचे सहा सेल, म्हणजे ७.२ व्होल्ट, आणि सर्व कप्पे मिळून २०१.६ व्होल्ट. दाब एवढा मोठा असला तरी साठा मात्र सव्वा युनिटहून थोडा अधिक, म्हणजे घरातला एसी तासभर चालेल एवढाच आहे. गाडीचा संगणक हा साठा कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण संपू देत नाही. तो साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवला जातो, आणि ही बॅटरी इतकी वर्षे टिकते त्याचे मुख्य कारण हेच आहे.

तिचा खरा शत्रू उष्णता आहे. मागच्या सीटच्या उजव्या बाजूला ही जी जाळी दिसते, तिच्यातून एक पंखा गाडीतलीच हवा ओढून बॅटरीवर सोडतो. याचाच अर्थ असा की उन्हाळ्यात पेट्रोल वाचवण्यासाठी एसी बंद ठेवला, तर माणसांसोबत बॅटरीही तापते. पुष्कळ मालकांना ही जाळी कशासाठी आहे हेच ठाऊक नसते, आणि तिच्यावर खुशाल जॅकेट किंवा पिशवी टेकवून ठेवलेली असते.

२०२१ च्या जुलैमध्ये ट्रेसीहून परत येताना आल्टमाँट खिंडीच्या चढावर आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर धोक्याच्या इशाऱ्याचा लाल त्रिकोण पेटला. संगणकाने नोंदवलेला कोड होता पी०ए८०, म्हणजे बॅटरीची क्षमता घसरल्याचा इशारा. एका गॅरेजने बॅटरी न उघडताच "गाडी विकून टाका" असा सल्ला दिला. तो न मानता आम्ही हे काम जाणणाऱ्या एका मेकॅनिककडे गेलो. त्याने हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घातले, बॅटरीची जोडणी तोडणारा नारिंगी सर्व्हिस प्लग उपटून खिशात ठेवला आणि वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर रिकामे होईपर्यंत वाट पाहिली. प्लग काढल्यावरही प्रत्येक कप्प्यात वीज शिल्लकच असते. म्हणून हे काम शिकल्यावाचून कोणीही करू नये, हे इथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

पंखा बाहेर आला तेव्हा त्याची पाती दिसतच नव्हती. आधीच्या मालकाच्या कुत्र्याचे केस आणि गालिच्याची लव यांचा एक करडा नमदा त्यांच्यावर घट्ट बसलेला होता, आणि मेकॅनिकने तो चिमट्याने सोलून काढला तेव्हा तो एका तुकड्यात निघाला. कप्पे जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढला होता. बॅटरीवर भार टाकून मोजणी केली असता चौदा जोड्यांपैकी तेरा जोड्यांच्या दाबात जेमतेम पाव व्होल्टचा फरक आढळला, आणि मधली एक जोडी मात्र त्यांच्याखाली एका व्होल्टहून अधिक कोसळत होती.

तेवढाच एक कप्पा बदलावा, असा मोह इथे प्रत्येकाला होतो, कारण भंगारातल्या बॅटरीतला कप्पा अगदी स्वस्त मिळतो. मला हा मार्ग मान्य नाही. कप्पे एकामागोमाग जोडलेले असल्याने सर्वांतून सारखाच प्रवाह जातो, आणि वेगळ्या वयाचा, वेगळ्या क्षमतेचा कप्पा इतरांच्या आधी भरतो किंवा इतरांच्या आधी रिकामा होतो. काही महिन्यांनी दुसरा कप्पा मान टाकतो, मग तिसरा. गाडी लवकरच विकायची असेल, तर अशी डागडुजी करणे म्हणजे पुढच्या मालकाच्या गळ्यात दुखणे बांधणे होय. पंधरा वर्षे चाकरी केलेल्या बॅटरीला निरोप देऊन आम्ही नवा संच बसवला. खर्च काही हजार डॉलर आला, पण तो दुसऱ्या गाडीच्या काही महिन्यांच्या हप्त्यांएवढाच होता. तेव्हापासून तो पंखा दर उन्हाळ्याच्या तोंडावर मी स्वतः साफ करतो.

गाडी बंद पडण्याचे नेहमीचे कारण मात्र दुसरीच बॅटरी असते. डिकीत उजव्या कोपऱ्यात बारा व्होल्टची एक लहान बॅटरी आहे. ती इंजिन फिरवत नाही. ती फक्त संगणक जागे करते आणि मोठ्या बॅटरीचे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, जोडते. ती खंगली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटतात आणि गाडीला असाध्य रोग झाला आहे, असे वाटू लागते. डिकीचे कुलूपही विजेवर उघडत असल्याने बॅटरीपर्यंत पोहोचताच येत नाही. यासाठी बॉनेटखाली फ्यूजच्या डब्यात लाल झाकणाचे एक टोक दिलेले आहे. तिथून जंप देता येते, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला तारा जोडून गाडी सुरू करता येते. मात्र तारा उलट जोडल्या गेल्या, तर महागडे इलेक्ट्रॉनिक भाग जळतात, म्हणून तारा जोडण्याआधी दोनदा पाहावे.

बॉनेट उघडलेच आहे, तर इन्व्हर्टरच्या, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलणाऱ्या भागाच्या, शीतकाची ही टाकी पाहू. गाडी चालू ठेवून झाकण काढले की आतले गुलाबी पाणी हललेले दिसले पाहिजे. तशी खळखळ दिसत असेल, तर हेडलाइटच्या मागे दडलेला छोटा विद्युत पंप काम करतो आहे. पाणी स्थिर दिसले, तर पंप गेला. एका स्वस्त पंपाकडे दुर्लक्ष केल्यामुळे तापलेला इन्व्हर्टर गाडीच्या किमतीएवढा खर्च काढू शकतो, आणि ही तपासणी करायला अर्धे मिनिटही लागत नाही.

एसीचा गॅस भरताना अशीच काळजी घ्यावी लागते. या गाडीचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्याच्या मोटरची वेटाळी तेलातच असते, त्यामुळे त्याला एनडी-११ हे विजेला दाद न देणारे तेलच लागते. साध्या गाड्यांचे तेल थोडे जरी मिसळले, तरी वीज बाहेर झिरपू लागते आणि संगणक गाडी सुरू होऊ देत नाही.

गाडीखाली चार बोल्टांनी कसलेली ही ॲल्युमिनियमची ढाल आणखी एका काळजीपोटी आली. इंजिनाच्या धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात, आणि या पिढीच्या प्रियसमधले कन्व्हर्टर चोरांच्या विशेष आवडीचे ठरले. विजेवर चालणाऱ्या करवतीने ते कापायला दोन-तीन मिनिटे पुरतात. असे सुटे कन्व्हर्टर कोणी विकावे आणि कोणाकडून घ्यावे, यावर कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३ पासून कायद्याने बंधने घातली, तरी आम्ही ढाल काढलेली नाही.

येत्या डिसेंबरात आम्ही सहा आठवड्यांसाठी नागपूरला जाणार आहोत. एवढा काळ गाडी नुसती उभी राहिली, तर दोन्ही बॅटऱ्या हळूहळू उतरतात, आणि मोठी बॅटरी घरच्या चार्जरने भरता येत नाही. ती केवळ गाडीच भरू शकते. म्हणून दर पंधरवड्याला अर्धा तास गाडी फिरवून आणण्याचे काम शेजारच्या काकांनी आपणहून घेतले आहे. गेल्या खेपेस त्यांनी ठेवलेली वही अजून गाडीच्या खणात आहे. तिच्या पहिल्या पानावर, त्यांच्या सुवाच्य अक्षरात, एवढेच लिहिलेले आहे: "२८ डिसेंबर. सकाळी अर्धा तास. एसी चालू ठेवला. टाकीतले पाणी हलताना पाहिले."