खिशातले तीन फ्यूज

मंडळींनो, सलाम.

गरारच्या खोऱ्यात इसहाकाच्या चाकरांनी विहीर खणली. जिवंत पाणी लागलं आणि तिथले गुराखी धावत आले, पाणी आमचं! बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या 26व्या अध्यायातली ही गोष्ट आहे. इसहाकानं त्या विहिरीला एसेक, म्हणजे कलह, असं नाव दिलं आणि ती सोडली. दुसरी खणली, तर तिच्यावरूनही तंटा. तिचं नाव सितना, म्हणजे वैर. तीही सोडली. तिसरीवरून मात्र कुणी भांडलं नाही. तिला त्यानं रहोबोथ म्हटलं, ऐसपैस जागा.

विहीर सोडणं म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मुरूम संपला की काळा कातळ लागतो. सुरुंग लावायचे, यारी आणायची, घरातलं सोनं गहाण टाकायचं, आणि एवढं करून पाझर लागेलच असं नाही. 2016च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. अशा मुलखात पाणी लागलेली विहीर सोडणाऱ्याला लोक खुळा म्हणतील. इसहाकानं दोन सोडल्या.

मी सोडली नव्हती. चुलतभावाची आणि माझी विहीर सामाईक, चार दिवस त्याची पाळी, चार दिवस माझी. एका उन्हाळ्यात त्यानं पाळी मोडली, निदान मला तसं वाटलं. शनिवारी रात्री मी स्टार्टरच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढून खिशात टाकले. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाचा रविवार. मी तसाच चर्चमध्ये गेलो. गुडघे टेकले तेव्हा ते चिनीमातीचे तुकडे मांडीला रुतले. दोन माणसं सोडून त्याच रांगेत भाऊ होता. मी भाकर घेतली, प्याला घेतला.

वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करायला जावं, हे मत्तयाच्या 5व्या अध्यायातलं वचन मी स्वतः संडेस्कूलच्या पोरांकडून पाठ करून घेत होतो. त्यात भावाच्या मनाचा विचार आहे, माझ्या नव्हे. आधी कोण चुकलं, ही विचारपूसच तिथं नाही. आणि आपली भांडणं तर त्याच एका प्रश्नावर पिढ्यान् पिढ्या चालतात.

प्रेषित पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला लिहिताना युवदीया आणि सुंतुखे या बेबनाव झालेल्या दोघींची नावं घेतली आणि एकचित्त व्हा, अशी प्रत्येकीला वेगळी विनंती केली. बरोबर कोण, हे त्यानं लिहिलेलंच नाही. सुवार्तेसाठी त्याच्या बरोबरीनं झटलेल्या बाया होत्या त्या. मंडळीत राबणारी माणसंच जास्त भांडतात, हे मी पाहत आलोय. ज्यानं विहीर खणली, त्यालाच ती सोडवत नाही.

पण सोडणं म्हणजे मुकाट गिळणं नव्हे. पुढे गरारचा राजा अबीमलेख स्वतः चालत आला, तेव्हा इसहाकानं तोंडावर विचारलं, तुम्ही माझा द्वेष केलात, मला घालवून दिलंत, मग आता कशाला आलात? विचारलं आणि मग जेवू घातलं. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘कलह करू नको’ म्हणून कुणी शास्त्र ऐकवत असेल, तर तो शास्त्राचा अपमान करतो. हे मी इथं सगळ्यांसमोर बोलतोय, कारण असं ऐकवलं जातं.

त्या रविवारी रात्री बॅटरी घेऊन मी मळ्यात गेलो. भाऊ विहिरीच्या कठड्यावर बसला होता. त्याच्या मोसंबीची पानं वळली होती, बॅटरीच्या उजेडातही दिसत होती. मी पेटी उघडून एकेक फ्यूज बसवला. “परवा पाळी मोडलीस असं वाटलं, म्हणून काढले होते,” मी म्हणालो. “माझं चुकलं.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग कठड्यावर थोडा सरकला.

“लाइट दहाला येते,” म्हणाला.

मी शेजारी बसलो.