आगोट: पावसाआधीचं अंगण

(दृश्य: सकाळचे सात. शेणाने सारवलेलं अंगण. एक बाई वाकून फडकं पसरते आहे.)

मे महिन्याचा दुसरा आठवडा. गुहागर तालुक्यातलं एक घर. उन्हं अजून माडांच्या शेंड्यांवरच आहेत, पण खाली अंगणातली जागा केव्हाच वाटून झाली आहे. विहिरीकडच्या बाजूला रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, साली. पायरीजवळ फडक्यावर पापड. मधोमध कुळीथ. मिरच्या अगदी टोकाला, वाऱ्याची दिशा बघून. त्यांचा खकाणा पापडांवर बसला तर पोरं तोंडाला लावणार नाहीत. सुकट गोठ्याच्या पत्र्यावर, मांजराचा हात पोचणार नाही अशी.

कोकणात ही आगोटीची घाई. आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड, आणि त्या चार महिन्यांसाठी घरात भरून ठेवायची बेगमीसुद्धा आगोटच. या दिवसांत पाणंदीत दोन बायका भेटल्या की पहिला प्रश्न हाच, ‘आगोट झाली का गो?’

लडाखात, हिमाचलात लोक हिवाळ्यासाठी घरं भरतात, कारण बर्फ वाट अडवतं. इथे थंडीने कधी कुणाची वाट अडवली नाही. ते काम पावसाचं. जून ते सप्टेंबर, तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. पूर्वी पावसाळा लागला की मुंबईच्या बोटी बंद व्हायच्या. व्हाळ, म्हणजे ओढे, भरले आणि त्यांवरचे साकव, छोटे पूल, वाहून गेले की एका वाडीचा निरोप दुसऱ्या वाडीला मिळायचा नाही. आज डांबरी रस्ता दारापर्यंत आहे, १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावते आहे. तरी १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि घाटात दरड कोसळली की बाजारातली भाजी घाटापलीकडेच अडकते.

(दृश्य: आजींचे हात. जांभळी झालेली बोटं.)

या घरच्या आजी रातांबे फोडायला बसल्या आहेत. साल एकीकडे, बी आणि गर एकीकडे. गराचा जो रस सुटतो त्यात मीठ घालायचं. साली दिवसभर वाळवायच्या, मग त्या रसात बुडवायच्या, परत वाळवायच्या. याला पुट देणं म्हणतात. एका पुटाला एक अख्खा कडक दिवस लागतो, आणि चांगल्या आमसुलाला सात पुटं द्यावी लागतात.

आजी एक साल उचलतात आणि दोन बोटांत वाकवतात. कडा काळ्या पडल्या आहेत, मध्ये अजून लालसर ओल आहे. ‘दोन पुटं राहिली,’ त्या म्हणतात आणि साल जागेवर ठेवतात. ना घड्याळ, ना वही. पुरतं झालेलं आमसूल वाकतं पण मोडत नाही, चिकटतं पण ओलं लागत नाही. मी दहा-बारा साली वाकवून पाहिल्या. मला त्या सगळ्या सारख्याच लागल्या. आजींनी त्यातल्या चार बाजूला काढल्या, आधी झालेल्या म्हणून.

बियाही टाकत नाहीत. वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल येतं. ते गार होऊन थिजतं, मग मुठीत दाबून त्याचे गोळे वळतात. जुलैत लावणीच्या वेळी दिवसभर चिखलात उभं राहून पायांना चिखल्या होतात, टाचा फुटतात. तेव्हा हा गोळा चुलीशी पातळ करून पायांना चोळायचा. मे महिन्यात रातांबे फोडणाऱ्या बाईला जुलैतले आपले पाय दिसत असतात.

बाकीची यादी लांब आहे. खारातल्या कैऱ्या, आंब्याची साटं, फणसपोळी. वालांना राख चोळायची. मसाल्याच्या बरणीत हिंगाचा खडा टाकायचा. फणसाच्या आठळ्या लाल मातीत घोळवून कोपऱ्यात पुरायच्या. श्रावणात उकरून काढल्या की भाजीत पिठूळ, गोड लागतात. नारळाची सोडणं, करवंट्या, माडाची चुडतं सरपणाला पडवीत रचायची. गुरांसाठी पेंढा माळ्यावर चढवायचा.

दक्षिणेला गोव्यात याच तयारीला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगिजांकडून आलेला, रीत तीच. मडगावला पावसाच्या तोंडावर पुरुमेंताचं फेस्त, म्हणजे जत्रा, भरतं, आणि मिरच्या, खारे मासे, चिंच, कांद्याच्या माळा तिथून घरोघर जातात.

(दृश्य: छपरावर माणूस. खाली एक मुलगा कौल वर फेकतो, वरचा झेलतो.)

घरातलं सगळं ज्याच्या भरवशावर आहे ते छप्पर. शाकारणीची, म्हणजे छपराच्या डागडुजीची, वेळ साधणं हे एक कसबच. लवकर केली तर माकडं पुन्हा कौलं सरकवतात; उशीर केला तर पाऊस गाठतो. जुन्या नळीच्या कौलांचं छप्पर दरवर्षी उतरवून परत रचावं लागायचं. मंगळुरी कौलं एकमेकांत अडकतात, म्हणून फुटकी बदलली, सरकलेली बसवली, कोन्यांतला पालापाचोळा काढला की भागतं. पण वाशांवर पाय कुठे द्यायचा हे कळणारा माणूस आता चार गावं हिंडून एखादा मिळतो. म्हणून बऱ्याच घरांवर पत्रे आले. पत्र्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. मुलगे मुंबईला आणि घरात सत्तरीचा म्हातारा असेल, तर त्याने कौलांवर चढावं असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

छप्पर गेलं की काय होतं ते या किनाऱ्याने पाहिलं आहे. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. आगोट नुकतीच भरून झालेली. श्रीवर्धनकडे, दापोली-मंडणगडकडे ज्यांची छपरं उडाली त्यांची बेगमी एका दुपारीत भिजली. ज्यांची राहिली त्यांच्याकडे पुढचे कित्येक दिवस वीज नव्हती, पण चूल होती, कोरडं सरपण होतं आणि डब्यात कुळथाचं पीठ होतं. पिठी करायला काय लागतं? पीठ, पाणी, लसूण, मिरची, दोन आमसुलं. शेजारपाजारच्यांनी त्यावर दिवस काढले.

(दृश्य: दुपार. आभाळ भरून येतं आहे.)

खरी अडचण वेगळीच आहे. कामं पन्नास, पण अंगण एक, ऊन एक आणि हात तीन बायकांचे. स्वावलंबी घर म्हणून आपण कौतुकाने ज्याच्याकडे बघतो, ते मे महिन्यात दुपारी पाठ न टेकणाऱ्या या तिघींवर उभं आहे. पापडाचा दिवस आमसुलांना दिला तर पापड मागे पडतात. एक सर आली तर तिघींनी धावून सगळं आत घ्यायचं, आणि काय आधी उचलायचं हे ठरलेलं असतं. आधी पापड, मग मिरच्या, मग आमसुलं. कुळीथ शेवटी, कारण ते परत वाळतात.

२०२५ साली हा हिशेबच मोडला. २० मेपासूनच सरी कोसळू लागल्या, २५ मेला मोसमी पाऊस तळकोकणात आणि २६ मेला मुंबईत पोचला. मुंबईच्या नोंदीत इतका लवकर तो कधी आला नव्हता. या घरात आमसुलं तिसऱ्या पुटावर होती. आठ दिवस ऊन पडलं नाही, आणि कडांना पांढरा बुरा धरला. सुनेने बरी होती तेवढी निवडून सुपांत घातली आणि चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळवली. वर्षभर या घरच्या सोलकढीला धुराचा वास येत होता. पण त्यांनी ती टाकली नाहीत.

म्हणून या वर्षी रातांबे आठ दिवस आधी उतरवले. पुरते पिकण्याआधीच. रस कमी सुटला, हे आजींना मान्य नाही आणि मान्यही आहे.

(दृश्य: जूनचा पहिला आठवडा. रात्र. कौलांवर पहिल्या मोठ्या सरीचा आवाज.)

दिवे गेले आहेत. बरण्यांची तोंडं फडक्याने बांधलेली आहेत. आमसुलं मातीच्या मडक्यात, मीठ चुलीजवळ, कुळीथ पिंपात.

आजी उठल्या आहेत. हातात बॅटरी आहे, पण त्या ती लावत नाहीत. अनवाणी पायांनी माजघरातून कोठीत, कोठीतून पडवीत फिरताहेत, जमीन कुठे गार लागते ते बघत. देवघराच्या कोपऱ्यात थांबतात. वाकून हात लावतात. ओलं आहे.

‘गो, तपेली आण,’ त्या सुनेला हाक मारतात. ‘एक कौल राहिलं.’